लोणारची सकाळ आणि उतरलेली बॅटरी

मेहकर शाखेत माझी बदली झाली ती १९८६ च्या जूनमध्ये. आमच्या लग्नाला तेव्हा जेमतेम सहा महिने झाले होते. मेहकरपासून लोणार पंचवीस किलोमीटरच्या आत. पहिल्याच आठवड्यात मी सौभाग्यवतींना सांगून टाकले, “पुढच्या रविवारी तुला लोणारचे सरोवर दाखवतो.” तो पुढचा रविवार कधी सहामाही हिशेबात गेला, कधी तपासणी अधिकाऱ्यांच्या सरबराईत, कधी कर्जमेळाव्यात. साडेतीन वर्षांनी बदलीचा हुकूम आला आणि सामानाच्या ट्रकबरोबर ते आश्वासनही आमच्या मागे गावोगाव फिरत राहिले. बँकेच्या भाषेत त्या खात्यात वसुली काही झाली नाही.

गेल्या डिसेंबरात तो थकीत हिशेब मिटवायचे ठरवले. माझी मोतीबिंदूची शस्त्रक्रिया होऊन चार महिने झाले होते आणि डॉक्टरांनी गाडी चालवण्यास परवानगी दिली होती. चिरंजीव परदेशात असतात. त्यांचे म्हणणे होते, “बाबा, आता ड्रायव्हर घेऊन जा, नाहीतर गाडी विकूनच टाका.” मी दोन्ही सूचना नम्रपणे बाजूला ठेवल्या. पुण्याहून निघून पहिला मुक्काम छत्रपती संभाजीनगरला मेहुण्यांकडे केला. दुसऱ्या दिवशी जालना, सिंदखेडराजा या जुन्या रस्त्याने लोणारला निघालो. समृद्धी महामार्गाने वेळ वाचला असता. परंतु जिजाऊंचे जन्मस्थान पाहिल्याशिवाय पुढे जायचे नाही, असा सौभाग्यवतींचा आग्रह होता आणि तो योग्यच होता.

दुपारी अडीचच्या सुमारास लोणार गाठले. विवराच्या काठाजवळ निवासाची सोय होती. सामान टाकून गावातील दैत्यसूदन मंदिर पाहिले. लवणासुराचा वध करणाऱ्या विष्णूचे हे मंदिर. बाहेरच्या भिंतींवरील शिल्पे पाहताना मान दुखते तरी नजर हटत नाही. सूर्यास्तापूर्वी जेवण उरकायचे म्हणून लगबगीने परतलो, बरोबर आणलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली, पाणी प्यालो आणि खोलीत आलो. झोपण्यापूर्वी सौभाग्यवतींना आठवले की गुडघ्याला लावायचे मलम गाडीतच राहिले आहे. त्या किल्ली घेऊन गेल्या आणि मलम घेऊन आल्या. ही क्षुल्लक गोष्ट मुद्दाम नोंदवतो, कारण पुढचा सारा प्रसंग तिच्यावर उभा आहे.

पहाटे साडेसहाला शाली पांघरून आम्ही काठावर जाऊन उभे राहिलो. थंडी चांगलीच होती. प्रथम खाली नुसते धुके होते. उजाडत गेले तसे ते विरळ झाले आणि हिरवट पाण्याची भली मोठी थाळी दिसू लागली. तिच्याभोवती झाडीचे कडे, मधूनमधून मंदिरांची शिखरे आणि मोरांचे ओरडणे. हे विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद आहे. बेसाल्ट म्हणजे आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणात उल्काघाताने घडलेली विवरे जगात फार दुर्मीळ आहेत आणि त्यांत लोणारचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. पाणी खारट तर आहेच, शिवाय तीव्र अल्कधर्मी आहे. काठावर गोमुखासारखे गोड्या पाण्याचे झरे आणि तळाशी हे खारे पाणी, ही त्या जागेची गंमत. २०२० च्या जूनमध्ये हे पाणी गुलाबी झाले होते ते वाचकांना आठवत असेल. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्याचे कारण मिठागरात वाढणारे सूक्ष्मजीव असल्याचे सांगितले. त्याच वर्षी सरोवराला रामसर पाणथळ स्थळाचा दर्जाही मिळाला.

आपल्यासारख्या व्यापारी घरांना अधिक जवळची वाटेल अशी एक गोष्ट म्हणजे या पाण्यातून पूर्वी खार काढला जात असे. उन्हाळ्यात पाणी आटले की काठावर सोड्याचे थर धरत. काच आणि साबण करण्यासाठी हा माल बाहेर जाई. अकबराच्या काळातील ‘आईने अकबरी’तही या भागातील अशा उत्पन्नाची नोंद आहे. म्हणजे निसर्गाचा हा चमत्कार कधीकाळी जमाखर्चाच्या वहीतही होता.

सौभाग्यवती बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “एवढं जवळ होतं आणि आपण पाहिलं नाही.” त्यात तक्रार नव्हती. इतक्या वर्षांत त्यांच्या चेहऱ्यावर असा निवांतपणा मी क्वचितच पाहिला होता.

नऊ वाजता मेहकरला निघायचे होते. तेथे आमचे जुने घरमालक हयात नाहीत, परंतु त्यांच्या पत्नी आहेत. वय अठ्ठ्याऐंशी. आम्ही त्यांना आजीच म्हणतो. “बारापर्यंत या, गरम पोळ्या वाढते,” असा त्यांचा निरोप आला होता. सामान भरले, किल्ली फिरवली आणि इंजिनाऐवजी टक्-टक्-टक् असा आवाज आला. समोरच्या पट्टीवरील दिवे लागले, परंतु मंद. पुन्हा किल्ली फिरवली. पुन्हा तोच आवाज, किंचित क्षीण. तेवढ्यात माझी नजर वर गेली. छताजवळच्या छोट्या दिव्याचे बटण चालू होते आणि दिव्याची तार केवळ तांबूस दिसत होती.

“रात्री मलम शोधताना दिवा लावलास तो बंद केला नाहीस!” मी म्हणालो. आवाज चढला होता. शेजारी गाडी पुसणारा मुलगा वळून पाहू लागला. सौभाग्यवती एवढेच म्हणाल्या, “राहिला असेल.” आणि खाली उतरून पुन्हा काठाकडे जाऊन बसल्या.

यानंतर मी जे केले ते कोणी करू नये. त्राग्याच्या भरात दहा-बारा वेळा सेल्फ मारला. बॅटरीत जी काही धुगधुगी होती तीही गेली. शेवटी टक्-टक् देखील थांबले. खरे तर दोन प्रयत्नांनंतर थांबून दोष कोठे आहे याचा विचार करायला हवा होता. खात्यात शिल्लक नसताना पुन्हापुन्हा धनादेश टाकून तो वटत नाही, हे मी जन्मभर इतरांना सांगत आलो होतो.

प्रथम मदतीला आला एक ट्रकचालक. बिचारा भला माणूस. “काका, माझ्या बॅटरीवरून करंट देतो,” म्हणाला आणि वायर काढू लागला. तेवढ्यात लोणार गावातून बोलावलेला तरुण मेकॅनिक मोटारसायकलवरून पोचला आणि त्याने लांबूनच हात केला. “थांबा भाऊ, ट्रकची लाइन चोवीस व्होल्टची आहे. काकांची गाडी बारा व्होल्टची. सगळं इलेक्ट्रॉनिक जळून जाईल.” मोठ्या ट्रकमध्ये बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या असतात, हे मला ठाऊक नव्हते. मदत करणाऱ्याचे मन शुद्ध असले तरी तेवढ्याने भागत नाही, हे त्या दिवशी कळले.

दोघा-तिघांनी धक्का मारण्याची तयारी दाखवली. मेकॅनिकने तेही टाळले. त्याने दोन कारणे सांगितली. जुन्या गाड्या धक्क्यावर सहज सुरू होत. आताच्या गाडीत पेट्रोल पाठवणारा पंप आणि सारे नियंत्रण विजेवर चालते. बॅटरी अगदीच संपली असेल तर चाके फिरूनही इंजिन पेटत नाही. दुसरे कारण समोरच्या उताराचे. इंजिन बंद असताना ब्रेक आणि स्टिअरिंग जड होतात. शिवाय गिअर आपोआप बदलणारी गाडी धक्क्याने सुरू करण्याचा प्रयत्नच करायचा नसतो.

मग त्याने बॉनेट उघडले आणि एखाद्या चांगल्या तपासणी अधिकाऱ्याप्रमाणे क्रमाने चौकशी सुरू केली. किल्ली फिरवल्यावर नेमके काय झाले? दिवे मंद झाले आणि टक्-टक् आली, म्हणजे बहुधा बॅटरी उतरली किंवा तिची जोडणी ढिली आहे. दिवे प्रखर राहून एकदाच ‘टक्’ झाले असते तर संशय स्टार्टरवर गेला असता. काहीच लागले नसते तर निखळलेले टर्मिनल किंवा उडालेला फ्यूज पाहावा लागला असता. एवढे तीन प्रश्न प्रत्येक गाडीमालकाला स्वतःला विचारता येतील. मेकॅनिकला फोन करताना ही माहिती दिली तर तो योग्य सामान घेऊन येतो.

बॅटरीच्या एका टर्मिनलवर पांढरट-हिरवी बुरशीसारखी भुकटी जमली होती. बॅटरीत सौम्य गंधकाम्ल असते; त्याची वाफ आणि धातू यांच्या संयोगाने हा थर धरतो आणि वीज अडते. मेकॅनिकने चहावाल्याकडून चमचाभर खाण्याचा सोडा आणि पाणी मागवले. दहा नंबरच्या पान्याने आधी काळी म्हणजे ऋण तार सोडली, मग लाल. हा क्रम असाच ठेवायचा असतो, कारण लाल तार सोडताना पाना चुकून गाडीच्या पत्र्याला लागला तर ठिणगी उडते. सोड्याचे पाणी टाकताच फेस आला आणि थर निघून गेला. आम्लावर सोडा! ज्या सरोवराच्या काठावर एकेकाळी सोडा गोळा होत होता, तेथेच माझ्या गाडीला सोड्याची गरज पडावी याचे मला त्या अवस्थेतही हसू आले. बांधताना मात्र क्रम उलटा: आधी लाल, मग काळी.

टर्मिनल स्वच्छ झाले तरी गाडी सुरू झाली नाही. मीटर लावला तर काटा ११.४ व्होल्टवर. पूर्ण भरलेली बॅटरी स्वस्थ असताना सुमारे १२.६ दाखवते, १२.२ म्हणजे निम्मी आणि १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. दोष बॅटरीतच होता.

आता बारा व्होल्टचे दुसरे वाहन हवे होते. रस्त्याने कापसाची ट्रॉली ओढत एक ट्रॅक्टर चालला होता. ट्रॅक्टरची बॅटरी बारा व्होल्टचीच आणि गाडीच्या बॅटरीहून बरीच मोठी असते. मेकॅनिकने हात केला. तरुण शेतकरी थांबला. “बाजारात जायची घाई आहे जी,” म्हणत तो उतरला आणि पुढची पंधरा मिनिटे त्याने घाईचे नाव काढले नाही.

जंपर केबल जाड होती, घरगुती वायरीसारखी नव्हे. जोडण्याचा क्रम मी टिपून घेतला, तो असा. दोन्ही वाहने एकमेकांना टेकलेली नकोत. गाडीतील सर्व दिवे, पंखा बंद. लाल केबलचे एक टोक उतरलेल्या बॅटरीच्या धन टोकाला, दुसरे चांगल्या बॅटरीच्या धन टोकाला. काळ्या केबलचे एक टोक चांगल्या बॅटरीच्या ऋण टोकाला. आणि शेवटचे, चौथे टोक उतरलेल्या बॅटरीला न लावता, तिच्यापासून दूर, इंजिनाच्या उघड्या धातूला. याचे कारण असे की बॅटरीतून हायड्रोजन वायू निघू शकतो आणि शेवटचे टोक लावताना हमखास बारीक ठिणगी उडते. ती ठिणगी बॅटरीजवळ नको. काढताना हाच क्रम उलटा.

ट्रॅक्टर दहा मिनिटे चालू ठेवला आणि किल्ली फिरवली. पहिल्याच खेपेला इंजिन सुरू झाले. केबल काढल्यावर मेकॅनिकने पुन्हा मीटर लावला. १४.१. “काका, अल्टरनेटर चांगला आहे. केबल काढल्यावर गाडी बंद पडली असती किंवा हा आकडा तेराच्या खाली राहिला असता, तर दोष चार्जिंगमध्ये निघाला असता. तुमची बॅटरीच म्हातारी झाली. मेहकरपर्यंत गाडी बंद करू नका.”

मेकॅनिकने माफक पैसे घेतले. शेतकऱ्याने पैशांना हात लावला नाही. सौभाग्यवतींनी डब्यातील चार दशम्या कागदात बांधून दिल्या, त्या मात्र त्याने कपाळाला लावून घेतल्या.

या साऱ्यात ट्रॅक्टर येईपर्यंत जो अर्धा तास मिळाला, त्यात एक गोष्ट घडली होती. बँकेत पस्तीस वर्षे काढलेला माणूस रिकामा बसला की आकडेमोड करतो. मी मेकॅनिकला विचारले, हा छताचा दिवा किती वॅटचा? “पाचचा असेल.” बॅटरी किती क्षमतेची? “पस्तीस अँपिअर-तास.” निवासाच्या पावतीच्या मागे मी हिशेब मांडला. पाच वॅट भागिले बारा व्होल्ट म्हणजे सुमारे ०.४ अँपिअर. रात्री दहापासून सकाळी नऊपर्यंत अकरा तास. एकूण खर्च ४.६ अँपिअर-तास. पस्तीसमधून जेमतेम साडेचार गेले! तेराच टक्के. निरोगी बॅटरीने एवढ्यावर गाडी आनंदाने सुरू केली असती. समोरचे मोठे दिवे राहिले असते तर गोष्ट वेगळी; ते दोन्ही मिळून तासाला नऊ अँपिअर खातात आणि तीन-चार तासांत बॅटरी झोपवतात. या बारीक दिव्याने ती झोपली याचा अर्थ एकच, खात्यावर लिहिलेली शिल्लक मुळात नव्हतीच.

मग कारण काय? तेही मला समजू लागले. गाडीची बॅटरी चालू खात्यासारखी असते. सुरू करताना एकदम मोठी रक्कम उचलली जाते आणि गाडी धावू लागली की अल्टरनेटर ती हळूहळू भरतो. पुण्यात माझा रोजचा प्रवास एक-दीड किलोमीटरचा, मंदिरापर्यंत आणि भाजी घेऊन परत. रोज उचल मोठी, भरणा तुटपुंजा. त्यात शस्त्रक्रियेनंतर चार महिने गाडी जागेवर उभी. बॅटरी अर्धवट रिकामी राहिली की आतल्या शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेटचा कठीण थर बसतो आणि तिची धारणाशक्ती कायमची घटते. उन्हाळ्याची उष्णता तिचे आयुष्य खाते आणि हिवाळ्यातील थंड सकाळ ते उघडकीला आणते. लांबच्या प्रवासाने ती भरली खरी, पण भांडेच लहान झाले होते.

मेहकरला बॅटरीच्या दुकानात गाडी लावली. दुकानदाराने भार देऊन तपासणी केली. भार पडताच आकडा धाडकन खाली आला. त्याने बॅटरी घेतल्याची तारीख विचारली. हमीपत्र शोधण्यासाठी मी पुढचा कप्पा उघडला. हमीपत्र मिळाले, बॅटरीला पावणेपाच वर्षे झाली होती, म्हणजे हमी कधीच संपली होती. परंतु त्याच पाकिटात एप्रिलमधील सर्व्हिसिंगचा कागद निघाला. त्याच्या तळाशी शेरा होता, ‘बॅटरी कमजोर, बदलण्याची शिफारस.’ खाली माझी सही. स्वच्छ, पूर्ण, बँकेतल्यासारखी.

इतरांच्या फायलींतील न वाचलेले शेरे शोधून मी किती कर्मचाऱ्यांचे खुलासे मागवले असतील! तो कागद मी सौभाग्यवतींच्या हाती दिला, पावतीमागचा हिशेबही दिला आणि म्हणालो, “चूक तुझी नव्हती. सकाळी चारचौघांत बोललो, तेही चुकलं.” त्यांनी दोन्ही कागद चष्मा लावून वाचले. “हिशेब बरोबर आहे,” म्हणाल्या, आणि कागद पर्समध्ये ठेवून दिले.

नवी बॅटरी घेताना दुकानदाराने जुनीची किंमत वजा केली. जुन्या बॅटरीतील शिसे पुन्हा वापरता येते आणि ती उघड्यावर पडली तर माती-पाणी विषारी करते. म्हणून ती भंगारवाल्याला न देता दुकानातच परत करावी. २०२२ च्या नियमांनुसारही तिची विल्हेवाट अधिकृत मार्गानेच लागायला हवी. हमीपत्रावर शिक्का, तारीख आणि बॅटरीचा क्रमांक तेथेच भरून घ्यावा. मी यावेळी प्रत्येक ओळ वाचून सही केली.

आजींकडे पोचायला दोन वाजले. त्या जेवायच्या थांबल्या होत्या. अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या माऊलीला उपाशी ठेवल्याचे मला फार वाईट वाटले. उशिराचे कारण त्यांनी विचारले तेव्हा सौभाग्यवतीच चटकन म्हणाल्या, “बॅटरी जुनी झाली होती, आजी.” दिव्याचा विषय त्यांनी काढला नाही आणि सहीचाही नाही.

आता घरी काही नेम पाळतो. आठवड्यातून एकदा गाडी अर्धा-पाऊण तास मोकळ्या रस्त्यावर चालवतो. दर दोन महिन्यांनी टर्मिनल पाहतो. बॅटरी घेतल्याची तारीख तिच्यावरच रंगाने लिहून ठेवली आहे. चार वर्षे होताच तपासून घेईन. डिकीत जाड जंपर केबल आणि पुडीभर सोडा असतो. चिरंजीवांना सारी हकिकत कळवली. त्यांनी गाडी विकण्याचा विषय तूर्त तरी काढलेला नाही.

मात्र एक गोष्ट दुरुस्त झालेली नाही. गाडीतून उतरून चार पावले गेल्यावर सौभाग्यवती हटकून मागे वळतात आणि काचेतून आत डोकावून छताचा दिवा बंद आहे ना, हे पाहतात. “अगं, त्याने काही होत नाही,” असे मी किती वेळा सांगितले. त्या मान डोलावतात, आणि पुढच्या वेळी पुन्हा वळून पाहतात. त्या पाहत असताना मीही किल्ली हातात घेऊन तेथेच थांबतो.